ग्वाल्हेरला उजेड देणारे माधवराव शिंदे

५ जून हा जागतिक पर्यावरण दिन. १९७२ साली स्टॉकहोम येथे संयुक्त राष्ट्रसंघाची मानवी पर्यावरणविषयक परिषद याच तारखेला सुरू झाली, म्हणून जगाने हा दिवस निवडला. ग्वाल्हेरच्या मराठी मंडळींना मात्र ही तारीख त्याआधीपासून वेगळ्या कारणाने ठाऊक होती. ५ जून १९२५ रोजी ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांचे पॅरिस येथे निधन झाले. दोन घटनांचा परस्परांशी संबंध काहीच नाही. तरीही माधवरावांचे चरित्र वाचताना या योगायोगाकडे लक्ष जातेच. वीज, रेल्वे, धरण आणि जंगल या चारही गोष्टींशी त्यांचे आयुष्य जोडलेले होते आणि या चारही गोष्टींची किंमत त्यांच्या हयातीतच दिसू लागली होती.

हे माधवराव म्हणजे केंद्रात रेल्वे खाते सांभाळलेल्या काँग्रेसनेते माधवराव शिंदे यांचे आजोबा. नातवाला नाव आजोबांचे मिळाले आणि योगायोगाने रेल्वेही मिळाली. गोमंतकीय वाचकांना आणखी एक धागा जवळचा वाटेल. माधवरावांच्या द्वितीय पत्नी गजराराजे या गोव्यातील राणे घराण्याच्या कन्या. ग्वाल्हेरचे वैद्यकीय महाविद्यालय आज त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

माधवरावांचा जन्म २० ऑक्टोबर १८७६ चा. वडील जयाजीराव १८८६ च्या जून महिन्यात निवर्तले, तेव्हा मुलाची दहा वर्षेही पूर्ण झाली नव्हती. गादी मिळाली, पण कारभार रीजन्सी कौन्सिलकडे गेला. आई सख्याराजे यांची माया आणि इंग्रज शिक्षकांची शिस्त या दोहोंत हा मुलगा वाढला. ज्या जयविलास महालात तो वाढला, तो त्याच्या वडिलांनी १८७४ मध्ये बांधून घेतलेला. लष्कर भागातील जयेंद्रगंज येथे तो आजही उभा आहे. त्याच्या दरबार सभागृहात प्रत्येकी सुमारे साडेतीन टन वजनाची दोन झुंबरे आहेत. ती टांगण्यापूर्वी छताची ताकद अजमावण्यासाठी त्यावर हत्ती चढवल्याची कथा ग्वाल्हेरात प्रत्येक पाहुण्याला सांगितली जाते.

ही झुंबरे आली त्या काळात हिंदुस्थानात विजेचा दिवा नव्हता. महाल असो वा झोपडी, रात्रीचा उजेड म्हणजे ज्योत. श्रीमंताकडे मेणबत्त्या आणि तेलाच्या हंड्या, मध्यम घरात समई आणि कंदील, गरिबाकडे पणती किंवा चिमणी. उजेड हवा तर कोणीतरी वात वळायची, तेल घालायचे, काच पुसायची, काजळी झाडायची. महालात या कामाला स्वतंत्र माणसे असत. घरोघरी ते बायकांच्या आणि मुलांच्या वाट्याला येई. दिवेलागण हा दिवसाच्या कामाचा शेवट होता. त्यानंतर वाचन, शिवण, हिशेब यांना डोळ्यांच्या आणि तेलाच्या मर्यादा होत्या.

१८९४ च्या डिसेंबरात, वयाच्या अठराव्या वर्षी, माधवरावांच्या हाती राज्याची पूर्ण सूत्रे आली. राज्य मोठे होते, पण सलग नव्हते. उत्तरेस चंबळेच्या दऱ्याखोऱ्यांपासून दक्षिणेस माळव्यातील उज्जैनपर्यंत त्याचे तुकडे विखुरलेले होते. असा मुलूख तंबूतून आणि घोड्यावरून पाहायचा तर वर्षे लागतात. तरुण राजाने रुळांचा मार्ग धरला. दोन फूट रुंदीची छोटी लाइन प्रथम राजधानीच्या परिसरापुरती होती. १८९९ पर्यंत ती एकीकडे भिंडला आणि दुसरीकडे शिवपुरीला पोहोचली, आणि पुढच्या दशकात श्योपूरपर्यंत गेली. ग्वाल्हेर ते श्योपूर ही सुमारे दोनशे किलोमीटरांची वाट या इवल्या गाडीने शंभराहून अधिक वर्षे लोकांना आणि त्यांच्या गाठोड्यांना वाहून नेले. २०२० च्या टाळेबंदीत ती थांबली आणि पुढे रुळांची रुंदी वाढवण्याचे काम हाती घेतले गेले.

माधवराव इंजिन स्वतः चालवत. यंत्र उघडून पाहावे, त्याचा प्रत्येक भाग कशासाठी आहे ते समजून घ्यावे, हा त्यांचा स्वभाव. १९०० मध्ये चीनमध्ये बॉक्सर बंड उसळले तेव्हा त्यांनी स्वखर्चाने एक रुग्णालय-जहाज सज्ज करून पाठवले आणि स्वतःही तेथे गेले. त्यांच्या विनोदबुद्धीच्या आणि खोड्यांच्या कथा पाहुण्यांच्या लिखाणात विखुरलेल्या आहेत. त्याच वृत्तीतून महालातल्या जेवणाच्या टेबलावर चांदीची आगगाडी आली. टेबलाभोवती रूळ, रुळांवर विजेवर चालणारे इंजिन, मागे डब्यांत काचेच्या सुरया. पाहुण्याने सुरई उचलली की गाडी थांबे, परत ठेवली की पुढे निघे. महालाच्या वस्तुसंग्रहालयात ही गाडी आजही पाहता येते. हसण्यासारखीच गोष्ट, पण त्या खेळण्यात राजाच्या मनाचा एक विश्वास दिसतो. वीज ही माणसाच्या इशाऱ्यावर चालणारी आज्ञाधारक शक्ती आहे, असा तो विश्वास होता.

ही शक्ती टेबलावरून रस्त्यावर आली ती विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात. हिंदुस्थानात दार्जिलिंगला १८९७ मध्ये पाण्यावरची वीज निघाली होती, कलकत्त्यात १८९९ मध्ये वीजपुरवठा सुरू झाला होता आणि म्हैसूर संस्थानात कावेरीच्या शिवनसमुद्र धबधब्यावर १९०२ मध्ये वीजनिर्मितीला प्रारंभ झाला होता. १९०५ च्या सुमारास ग्वाल्हेरनेही आपले वीजघर सुरू केले. आजच्या मध्य प्रदेशातील वीजनिर्मितीचा इतिहास येथूनच सांगितला जातो. त्याच वर्षीच्या डिसेंबरात इंग्लंडचे युवराज, म्हणजे पुढचे बादशहा पंचम जॉर्ज, ग्वाल्हेरला पाहुणे म्हणून आले होते.

लोकांनी या नव्या जागेला साधे नाव दिले, रोशनीघर. जयेंद्रगंजाच्या परिसरात हे नाव आजही रस्त्याला आणि वीज कचेरीला चिकटून आहे. बिल भरायला किंवा तक्रार नोंदवायला निघालेला माणूस तेथे रोशनीघरालाच जातो. वीज म्हणजे प्रथम उजेड, बाकी सारे नंतर, ही त्या पिढीची समजूत या एका शब्दात टिकून राहिली आहे.

सुरुवातीच्या त्या वीजघराची ताकद काहीशे किलोवॅटांचीच होती. आज दीड टनाचे एक वातानुकूलन यंत्र साधारण दीड किलोवॅट वीज खाते. म्हणजे आज जेमतेम एखाद्या मोठ्या हॉटेलला पुरेल एवढी वीज तेव्हा एका राजधानीसाठी होती. ती प्रथम महालाला, मग कचेऱ्यांना आणि मुख्य रस्त्यांना, आणि फार पुढे सामान्य घरांना मिळावी, हा क्रम देशभर होता. ग्वाल्हेरही त्याला अपवाद नव्हते. पण रस्त्यावरचा दिवा सर्वांचा असतो. अंधार पडल्यावर बाजारातून घरी परतणाऱ्या माणसाला तो तिकीट न काढता मिळतो.

त्या काळच्या बहुतेक वीजघरांत कोळसा जाळून वाफ तयार केली जाई आणि वाफेवर यंत्र फिरे. घरात धूर नाही, काजळी नाही, तेलाचा वास नाही, हे विजेचे मोठे कौतुक. प्रत्यक्षात धूर नाहीसा झाला नव्हता. तो प्रत्येक घरातून निघून एका धुराड्यात गेला होता. हा बदल मोठा आहे. दिवा लावणाऱ्याला आपण काय जाळतो ते दिसेनासे झाले. पणतीत तेल किती उरले ते डोळ्यांना कळते. बटण दाबणाऱ्याला खाणीतला कोळसा दिसत नाही.

माधवरावांना मात्र हिशेबाचे वेड होते. कारभाराच्या प्रत्येक खात्यासाठी धोरणे लिहून काढून त्यांनी त्यांचे खंड छापवले. पूर्वजांनी तळघरांत साठवलेली गंगाजळी नुसती पडून राहू नये, ती उद्योगांत गुंतावी, असे त्यांचे मत होते. जमशेदपूरच्या टाटा पोलाद कारखान्याला भांडवलाची चणचण भासली तेव्हा चार लाख पौंडांचे कर्जरोखे एकट्या शिंदे सरकारने घेतले. १९२१ मध्ये त्यांच्याच प्रोत्साहनाने बिर्लांनी ग्वाल्हेरात कापड गिरणी काढली आणि तिला जयाजीरावांचे नाव दिले. याच माणसाने १९१८ मध्ये पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या साहाय्याने संगीत महाविद्यालय काढले आणि पुराणवस्तूंच्या जतनासाठी राज्याचे स्वतंत्र खाते उभे केले.

या साऱ्या उभारणीच्या मागे एक भीती होती, ती दुष्काळाची. संवत १९५६, म्हणजे इसवी सन १८९९-१९००, हे वर्ष मध्य आणि पश्चिम हिंदुस्थानात छपन्न्याचा दुष्काळ म्हणून लोकांच्या स्मरणात राहिले. पाऊस गेला, विहिरी आटल्या, गुरे मेली, माणसे गावे सोडून निघाली. राज्याची पूर्ण सूत्रे हाती येऊन पाचच वर्षे झालेल्या राजाने हे पाहिले. पुढच्या पंचवीस वर्षांत ग्वाल्हेर राज्यात तलाव, बंधारे आणि कालवे यांवर जो खर्च झाला, त्याचे मूळ या वर्षात आहे. पाणी अडवणे हे त्यांच्या लेखी राज्यकर्त्याचे पहिले कर्तव्य ठरले.

त्यातले मोठे काम म्हणजे ग्वाल्हेरपासून वीसएक किलोमीटरांवर सांक नदीवर बांधलेले तिघरा धरण. १९१६ च्या सुमारास ते उभे राहिले. शहराला पाणी मिळणार, शेतीला पाणी मिळणार, म्हणून सारे आनंदात होते. १९ ऑगस्ट १९१७ रोजी भर पावसाळ्यात हे धरण फुटले. धरणाच्या पायात वालुकाश्म होता. त्या दगडाच्या भेगांतून पाणी आत झिरपत गेले, पाया कमकुवत झाला आणि भिंतीने जागा सोडली. खालच्या खोऱ्यातली गावे लोंढ्याखाली आली. माणसे आणि जनावरे फार मोठ्या संख्येने दगावली. हिंदुस्थानातल्या सर्वांत भीषण धरणफुटींत तिघऱ्याची गणना होते.

माधवरावांच्या आयुष्यात इतका मोठा पराभव दुसरा नसेल. त्यांनी इंजिने उघडून पाहिली होती, हिशेब तपासले होते, कारकुनांच्या चुका पकडल्या होते. पण नदीखालचा खडक उघडून पाहता येत नाही. भिंत वरून कितीही भक्कम असो, तिचा भार अखेर जमीन घेते, आणि जमिनीचा स्वभाव आधी समजून घ्यावा लागतो. हा धडा ग्वाल्हेरला सांक नदीकाठच्या माणसांच्या जिवावर मिळाला. तिघरा पुढे दुरुस्त करून पुन्हा उभारण्यात आले. पुण्याजवळ खडकवासल्याला १९०३ मध्ये विश्वेश्वरय्यांनी बसवलेले पुराच्या पाण्यावर आपोआप उघडणारे दरवाजे तिघऱ्यावरही वापरले गेले. आजही ग्वाल्हेर शहराच्या पिण्याच्या पाण्याचा मोठा आधार हेच धरण आहे. ज्या पाण्याने गावे बुडवली, तेच पाणी आज जयेंद्रगंजातल्या नळाला येते.

याच वर्षांत महाराष्ट्रातही वीज आणि पाणी यांचा हिशेब मांडला जात होता. १९१५ मध्ये टाटांच्या खोपोली वीजघरातून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली आणि गिरण्यांचा धूर कमी झाला. त्याच मालिकेतल्या पुढच्या धरणासाठी मुळशी खोऱ्यातल्या मावळ्यांच्या जमिनी पाण्याखाली जाणार होत्या. त्याविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह उभा राहिला आणि काही वर्षे चालला. धरण झालेच. मुंबईचा दिवा लागला आणि मावळातली शिवारे बुडाली. एकाच्या घरातला उजेड दुसऱ्याच्या शेताशी जोडलेला असतो, ही गोष्ट मराठी समाजाने शंभर वर्षांपूर्वीच पाहिलेली आहे.

जंगलाशी माधवरावांचे नाते असेच दुहेरी होते. ते निष्णात शिकारी होते. शेकडो वाघ त्यांच्या नावावर जमा आहेत. देशोदेशीचे पाहुणे शिवपुरीच्या रानात वाघाच्या आशेने येत आणि राजाची छोटी गाडी त्यांना तेथवर नेई. शिकारीसाठी हे रान राखले गेले. आसपासच्या गावकऱ्याला तेथे मज्जाव, राजाला मुभा, अशी ती राखण होती. तरीही रान राखले गेले, हे खरे. याच रानाच्या कुशीत १९१८ मध्ये तलाव बांधले गेले. त्यांपैकी एकाला आईचे नाव मिळाले, सख्यासागर. १९५८ मध्ये हे रान राष्ट्रीय उद्यान झाले आणि त्याला माधवरावांचे नाव दिले गेले. २०२२ मध्ये सख्यासागराला रामसर पाणथळ म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली आणि २०२५ मध्ये माधव राष्ट्रीय उद्यान व्याघ्र प्रकल्प म्हणून घोषित झाले. ज्या राजाने येथे वाघ मारले, त्याच्याच नावाने आज येथे वाघ राखले जातात.

सिंहांची कथा याहून बोलकी आहे. मध्य भारतातला सिंह एकोणिसाव्या शतकात नाहीसा झाला होता. विसाव्या शतकाच्या प्रारंभी माधवरावांनी तो परत आणायचे ठरवले. आफ्रिकेतून सिंह मागवले, श्योपूरच्या रानात आवार बांधून त्यांना वाढवले आणि पुढे मोकळे सोडले. इंजिनाचा एखादा भाग झिजला की बाहेरून नवा मागवून बसवावा, तसा हा प्रयोग होता. सिंहांनी आधी गुरांवर आणि मग माणसांवर हल्ले सुरू केले. ते पकडावे किंवा मारावे लागले आणि प्रयोग संपला. रानात एक प्राणी परत आणायचा तर त्याचे भक्ष्य, त्याची जागा आणि भोवतालची माणसे यांचा एकत्र विचार करावा लागतो, हे त्या फसलेल्या प्रयोगाने दाखवले. त्याच श्योपूर जिल्ह्यातल्या कुनोच्या रानात १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियातून आणलेले चित्ते सोडण्यात आले, तेव्हा ग्वाल्हेरच्या जुन्या माणसांना माधवरावांचे सिंह आठवले नसते तरच नवल.

शेवटच्या वर्षांत माधवरावांची प्रकृती ढासळली होती. फूलबागेच्या परिसरात प्राणिसंग्रहालय सुरू झाले ते १९२२ मध्ये. पुण्यातील शिवाजी महाराजांच्या स्मारकाच्या कामातही ते अग्रभागी होते, मात्र स्मारकाचे अनावरण पाहण्यास ते उरले नाहीत. १९२५ मध्ये युरोपच्या प्रवासात ते अंथरुणाला खिळले आणि ५ जूनला पॅरिसमध्ये वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. अंत्यसंस्कारही तेथेच झाले. मुलगा जिवाजीराव तेव्हा नऊ वर्षांचाही नव्हता. बापाच्या वाट्याला जे पोरकेपण आणि जी रीजन्सी आली होती, तीच मुलाच्याही वाट्याला आली. शिवपुरीत आई सख्याराजे यांच्या छत्रीसमोर माधवरावांची संगमरवरी छत्री उभी आहे. मायलेकांच्या स्मृती तेथे एकमेकींकडे पाहत राहिल्या आहेत.

माधवरावांनंतर शंभर वर्षांत विजेचा प्रवास फार लांबला. ग्वाल्हेरच्या माणसाला आपले वीजघर कोठे आहे ते ठाऊक होते, त्याचे धुराडे दिसत होते. गोव्यातल्या माणसाला ते दिसत नाही. आपल्या राज्याला लागणारी बहुतांश वीज बाहेरून येते. तिचा एक वाटा त्याच मध्य प्रदेशातून, सिंगरौलीजवळच्या विंध्याचल औष्णिक केंद्रातून येतो. तेथे कोळसा जळतो, राख साचते, आणि येथे पणजी, फोंडा, डिचोलीत पंखा फिरतो. मधल्या शेकडो किलोमीटरांच्या तारा कोणाच्या तरी शेतातून आणि रानातून जातात. त्या तारा मोले अभयारण्यातून जाणार म्हटल्यावर २०२० मध्ये गोव्यातले तरुण रस्त्यावर उतरले, तेव्हा बटणामागचे अंतर आपल्याला पहिल्यांदा जवळून दिसले.

माधवरावांना पर्यावरण हा शब्द आजच्या अर्थाने ठाऊक नव्हता. त्यांना देव करण्याचे कारण नाही आणि आजच्या मोजपट्टीने त्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याचेही नाही. दुष्काळ पाहिलेल्या राजाने पाणी अडवले, अंधार पाहिलेल्या राजाने दिवा लावला. या दोन्ही कामांचे आपण आजही ऋणी आहोत. त्यांच्या चुका मात्र एकाच जातीच्या होत्या. यंत्र जसे आज्ञा मानते तसे खडक, नदी आणि रान मानतील असे त्यांनी गृहीत धरले. जयेंद्रगंजातल्या महालात चांदीची गाडी सुरई उचलली की थांबत असे. तिघऱ्याचे पाणी तसे थांबले नाही.

रोशनीघराच्या रस्त्यावर आजही संध्याकाळी दिवे लागतात आणि त्यांच्याकडे कोणी वळून पाहत नाही. वीज रोजच्या जगण्यात इतकी मुरली की ती गेल्यावरच तिची आठवण होते. ज्यांनी पणतीत तेल मोजून घातले, त्या आपल्या आज्या निघताना दिवा मालवत. तेल घरचे होते आणि ते संपताना दिसत होते. आजचे तेल घरचे नाही, संपताना दिसतही नाही. तरीही खोलीतून निघताना दिवा मालवण्याची ती जुनी सवय अजून आपल्या हातात आहे.